काळ्या मातीला चुना: गोदामाच्या आवाराचं आणि पोचरस्त्याचं काम, कागदापासून रोलरपर्यंत

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामाच्या पायाचे खड्डे काळी माती ओलांडून पक्क्या मुरमापर्यंत नेले होते, त्यामुळे इमारतीची चिंता नव्हती. चिंता होती बाहेरची. गोदामासमोरचं 30 मीटर बाय 40 मीटरचं आवार आणि डांबरी रस्त्यापर्यंतचा 160 मीटर लांब, 5 मीटर रुंद पोचरस्ता, म्हणजे 2,000 चौरस मीटर निव्वळ काळी कसदार जमीन. उन्हाळ्यात भेगांत हात जातो आणि पावसाळ्यात रिकामा ट्रॅक्टरही रुततो. मूळ अंदाजपत्रकात यावर एकच उपाय होता: 60 सेंटिमीटर माती उकरून फेका आणि मुरूम भरा. आम्ही तो सोडून चुन्याने माती सुधारायचं ठरवलं. तालुक्यात आधी कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळे विचारायला माणूस नव्हता. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो.

10 सप्टेंबर 2024 ला पावसाची उघडीप मिळाली तेव्हा मातीचे नमुने काढले. आवारात तीन आणि रस्त्यावर दोन खड्डे, प्रत्येकात अर्ध्या आणि एक मीटर खोलीवरून पंचवीस-तीस किलो माती. वरची गवत-मुळांची 10 सेंटिमीटर नमुन्यात घ्यायची नाही. पोतं चालतं, पण थोडी माती प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून वेगळी द्यायची, त्यावरून जागेवरची ओल कळते. पिशवीच्या आतही चिठ्ठी टाकावी, बाहेरची पावसात पुसते.

तपासणीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलो. तिथे तोंडी विनंती चालत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या नावे पत्र, विभागप्रमुखांची सही, मग शुल्काचा आकडा, तो भरल्याची पावती आणि मगच नमुना नोंदवहीत. सगळ्या चाचण्यांना 18 टक्के जीएसटी धरून साधारण 22,000 रुपये लागले. पत्रात चाचण्यांची नावं आयएस क्रमांकासह लिहावीत, नाहीतर नुसता "मातीचा रिपोर्ट" हातात पडतो आणि त्यात नेमका सीबीआर, म्हणजे रस्त्याखालची माती किती भार पेलते त्याचा आकडा, नसतो. आम्ही मागितलं ते असं: लिक्विड आणि प्लॅस्टिक लिमिट, म्हणजे किती ओलीला माती वाहू लागते आणि किती ओलीपर्यंत वळता येते (आयएस 2720 भाग 5), हेवी कॉम्पॅक्शन, म्हणजे जड ठोकणीने माती किती घट्ट बसते (भाग 8), चार दिवस भिजवलेला सीबीआर (भाग 16), फ्री स्वेल, म्हणजे पाण्यात किती फुगते (भाग 40), शिवाय सेंद्रिय भाग आणि सल्फेट.

शेवटच्या दोन चाचण्या लोक पैसे वाचवायला वगळतात आणि तिथेच फसतात. सेंद्रिय भाग 2 टक्क्यांच्या वर असेल तर तो चुना खाऊन टाकतो आणि मातीला काही उरत नाही. सल्फेट 0.2 टक्क्यांच्या आत हवं. जास्त सल्फेट, चुना, मातीतलं ॲल्युमिना आणि पाणी एकत्र आलं की एट्रिंगाइटचे स्फटिक वाढतात आणि केलेला थर स्वतःच फुगून उचलला जातो. म्हणजे फुगणं थांबवायला गेलो आणि फुगवून बसलो.

फ्री स्वेलची चाचणी बघायला मिळाली तर जरूर बघा. वाळवलेली, 425 मायक्रॉन चाळणीतून गाळलेली 10 ग्रॅम माती रॉकेलच्या काचनळीत आणि तेवढीच पाण्याच्या नळीत टाकतात, हवेचे बुडबुडे काढतात आणि किमान 24 तास सोडून देतात. दुसऱ्या दिवशी रॉकेलमध्ये माती 10 मिलिलिटरच्या रेघेवर निमूट बसलेली होती. पाण्यातली साडेएकोणीसवर, वरचा भाग जिलेटिनसारखा हलणारा. फरक भागिले रॉकेलमधलं आकारमान, म्हणजे 95 टक्के. रॉकेल मातीच्या थरांत शिरत नाही, पाणी शिरतं. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे चिकण खनिज पाणी थरांमध्ये ओढून घेतं, सगळा घोळ त्याचाच.

अहवाल 7 ऑक्टोबरला आला. लिक्विड लिमिट 69, प्लॅस्टिक लिमिट 30, म्हणजे दोन्हीतला फरक, प्लॅस्टिसिटी इंडेक्स, 39; तो जितका जास्त तितकी माती चिकट. भिजवलेला सीबीआर 1.8. कमाल कोरडी घनता घनसेंटिमीटरला 1.61 ग्रॅम आणि त्यासाठी लागणारी ओल 21 टक्के. सेंद्रिय भाग आणि सल्फेट दोन्ही मर्यादेत. चुन्याला याहून लायक माती नाही. चुन्यातलं कॅल्शियम माँटमोरिलोनाइटवरच्या सोडियमची जागा घेतं, चिकट कण गोळा होऊन भुसभुशीत रवाळ होतात, हे काही तासांतच दिसतं. खरी ताकद नंतर येते: सामू (पीएच) 12 च्या वर राहिला की मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना विरघळून चुन्याशी बांधली जातात, सिमेंटमध्ये बनतात तशीच संयुगं तयार होतात आणि हे काम महिनोन्‌महिने चालू राहतं.

चुना किती घालायचा हे सामूवरूनच ठरतं. प्रत्येकी 25 ग्रॅम माती, 100 मिलिलिटर शुद्ध पाणी आणि 2 ते 6 टक्के चुना अशा बाटल्या भरायच्या, तासभर दर दहा मिनिटांनी हलवायच्या आणि सामू मोजायचा. जिथे तो पहिल्यांदा 12.4 ला पोचतो ते किमान प्रमाण. आमच्याकडे ते 4 टक्के आलं. शेतावरचं मिसळणं प्रयोगशाळेइतकं एकसारखं होत नाही, म्हणून 5 टक्के धरलं. त्या मिश्रणावर पुन्हा चाचण्या केल्या: प्लॅस्टिसिटी इंडेक्स 14, भिजवलेला सीबीआर 22. पण घनता 1.61 वरून 1.52 वर उतरली आणि ओल 25 टक्क्यांवर गेली. हे बघून आमच्यातले काही जण हबकले. घनता उतरणं इथे बिघाड नाही, कण गोळा झाल्याने मधे पोकळी राहते म्हणून असं होतंच. पुढे जागेवरची दाबाई मात्र या 1.52 शीच ताडायची. बिनचुन्याच्या 1.61 शी ताडली तर चांगला थर नापास होईल आणि रोलरवाल्याशी रोज भांडण.

प्रयोगशाळेला चुना मात्र तोच द्यायचा जो पुढे विकत घेणार आहात. आम्ही पुरवठादाराकडून आधी एक बॅग मागवून तीच दिली.

दुसरे पर्यायही तपासले. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकण मुरमाचा जाड थर देण्याची पद्धत मांडली, कालव्यांना ती फार उपयोगी पडली. पण तसा मुरूम जवळ नव्हता. परळीच्या औष्णिक केंद्राची राख तुलनेने जवळ होती. रेताड किंवा कमी चिकण मातीत चुन्याला बांधायला सिलिका कमी पडते, तिथे राख हवीच. आमच्या मातीत ती भरपूर, त्यामुळे राखेने खर्चापेक्षा मिसळण्याची मेहनतच वाढली असती. सिमेंट तर इतक्या चिकट मातीत नीट मिसळतच नाही.

मग कागद. योजनेच्या अनुदानातून काम असल्याने सुधारित अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता लागणार होती. 14 ऑक्टोबरला प्रस्ताव दिला आणि 15 ला विधानसभेची आचारसंहिता लागली. मतमोजणी 23 नोव्हेंबरला झाली तरी फाईल डिसेंबरच्या मध्याला हलली. पहिला शेरा आला: "सदर बाब दरसूचीत आढळत नाही." यावर वाद घालू नये. सोबत दरपृथक्करण जोडावं, म्हणजे चुना, पाणी, यंत्रं, मजुरी यांचा चौरस मीटरला हिशोब आणि चुन्याची किमान तीन दरपत्रकं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी एसपी 89 या मार्गदर्शिकेची संबंधित पानं आणि प्रयोगशाळेचा अहवाल लावला की अधिकाऱ्यालाही सही करायला आधार मिळतो. दोन्ही पर्यायांचा तुलनात्मक तक्ता वेगळ्या पानावर द्यावा, फाईलमध्ये वाचलं जातं ते तेवढंच.

आमच्या तक्त्यात मुरमाचा पर्याय असा होता: 1,200 घनमीटर दाबलेला भराव, म्हणजे सुटा साधारण 1,500 घनमीटर, 530 ब्रास. स्वामित्वधन (रॉयल्टी) ब्रासला 600 रुपये, म्हणजे तेवढ्यालाच तीन लाखांवर. पोच मुरूम 2,600 रुपये ब्रास धरून 13.78 लाख, वर काळी माती उकरून वाहून नेणं वेगळं. चुन्याचा पर्याय याच्या जवळपास निम्म्यावर बसत होता. मान्यता 9 जानेवारी 2025 ला मिळाली. त्याच काळात जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडून पोचरस्ता मुख्य रस्त्याला जोडायची परवानगी काढली, कारण बाजूच्या गटारावर 600 मिलिमीटरचा पाईप टाकायचा होता. हा अर्ज लोक काम संपल्यावर करतात आणि मग पावसाळ्यात अडलेलं पाणी थेट नव्या थराखाली मुरतं.

चुना घेताना सगळ्यात जास्त फसवणूक होते. कृषी दुकानात मिळणारा शेतीचा चुना म्हणजे चुनखडीची भुकटी. ती कॅल्शियम कार्बोनेट, मातीवर काही करत नाही. साखर कारखान्याच्या मळीतला चुनाही कामाचा नाही. हवा तो विरवलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. व्यापारी "90 टक्के" म्हणाला तर पुढचा प्रश्न विचारा: हायड्रॉक्साइडचे 90 की ऑक्साइडचे? शुद्धातल्या शुद्ध विरवलेल्या चुन्यातसुद्धा कॅल्शियम ऑक्साइड 75.7 टक्केच भरतं, त्यामुळे हायड्रॉक्साइडचे 90 म्हणजे ऑक्साइडचे 68. कळीचा, म्हणजे न विरवलेला चुना टनामागे जास्त ताकदीचा असतो, 1 टनाचा विरून सुमारे 1.32 टन होतो. पण जागेवर विरवताना तो उकळतो आणि डोळ्यांचा धोका मोठा, म्हणून टाळला.

चांगला पुरवठादार सापडला तो साखर कारखान्याच्या खरेदी विभागातून. रस स्वच्छ करायला कारखान्यांना चुना लागतो आणि तो राजस्थानातून नियमित येतो. 3 फेब्रुवारीला मागणी दिली: 25 किलोच्या 1,800 बॅगा, 45 टन, पोच 9 रुपये किलो, एकूण 4,05,000. विरवलेला चुना हलका, ट्रक वजनाआधी आकारमानानेच भरतो, म्हणून तीन ट्रक लागले. प्रत्येक ट्रक काट्यावर घेतला आणि प्रत्येकातल्या दोन बॅगा फोडून हात घालून पाहिल्या. खडे लागले तर समजावं की ओल लागून चुना आधीच मेला आहे. बॅगा फळ्यांवर, दुहेरी ताडपत्रीखाली रचल्या. उघडी बॅग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि परत चुनखडी व्हायला लागते, म्हणून महिना-दीड महिन्यात वापरता येईल तेवढाच माल मागवावा.

काम 10 मार्चला सुरू झालं. थर 30 सेंटिमीटरचा, पण एका दमात तेवढा मिसळत नाही, म्हणून 15-15 चे दोन. आधी वरची गवताळ माती खरवडून शेजारच्या रानात दिली, मग वरचे 15 सेंटिमीटर बाजूला ओढून ठेवले, खालचा थर जागेवरच केला आणि नंतर बाजूची माती परत आणून दुसरा.

पहिली अडचण ढेकळांची. मार्चमधलं काळ्या रानातलं ढेकूळ दगडासारखं. नियम सांगतो की फोडलेली माती 26.5 मिलिमीटरच्या चाळणीतून सगळी आणि 5.6 मिलिमीटरच्या चाळणीतून किमान 80 टक्के गेली पाहिजे. कोरड्यात रोटाव्हेटर घातला तर तो ढेकळांवरून उड्या मारतो. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "साहेब, पाणी द्या अन्‌ वाफशाची वाट बघा. वाफसा नसता रोटा मारून डिझेलच जाळायचंय का?" तेच केलं. संध्याकाळी टँकरने शिंपायचं, रात्र जाऊ द्यायची, सकाळी माती मुठीत दाबून गोळा होतो पण हाताला चिकटत नाही अशी झाली की पलटी नांगर, मग रोटाव्हेटरच्या उभ्या-आडव्या पाळ्या. नांगर वगळू नये, नुसता रोटा 10-12 सेंटिमीटरच्या खाली पोचत नाही.

चुना दोन हप्त्यांत. 15 सेंटिमीटर दाबलेल्या थरात चौरस मीटरला 228 किलो कोरडं मिश्रण बसतं, त्यात चुना सुमारे 11 किलो, म्हणजे एक बॅग दीड बाय दीड मीटरला. पहिल्या हप्त्याला निम्मा: फक्कीने 3 मीटर बाय दीड मीटरचे चौकोन आखायचे, प्रत्येकात एक बॅग, फावड्याने पसरायची. एक चौरस मीटरचं प्लॅस्टिक अंथरून त्यावर पडलेला चुना तोलला तर साडेपाच किलो यायला हवा. मिसळून, ओल ठेवून, रोलर एकदा हलका फिरवून एक-दोन दिवस मुरू द्यायचं. दुसऱ्या वेळी रोटा घातल्यावर तीच चिवट माती हाताखाली रवाळ सुटते, हा फरक बघण्यासारखा आहे. मग उरलेला निम्मा चुना, पाणी आणि शेवटची मिसळ.

इथून घड्याळ सुरू होतं. शेवटच्या मिसळीपासून तीन तासांत दाबाई संपली पाहिजे. एक रोटाव्हेटर, एक टँकर आणि 10 टनी कंपन रोलर यांच्यावर साधारण 300 चौरस मीटरची पट्टी बसते, त्याहून मोठी उघडू नये. पाणी 25 टक्के ओलीच्या किंचित वर ठेवावं, मार्चच्या उन्हात तासाभरात उडतं. हिशोबाने थराला चौरस मीटरमागे 18 लिटर निघतं, प्रत्यक्षात दुप्पट धरा. कमी पडलं तर वरचा पापुद्रा पापडीसारखा सुटतो, जास्त झालं तर रोलरपुढे माती लाटेसारखी हलते. पापडी सुटली तर वरून माती टाकून झाकू नका, वरचे पाच सेंटिमीटर खरवडून, ओलावून पुन्हा दाबा. आदल्या दिवशीच्या पट्टीची कड 30 सेंटिमीटर कापून नव्या मिसळीत घ्यावी, नाहीतर सांध्यावर कच्ची रेघ राहते.

मिसळ नीट झाली का, हे बघायला फिनॉल्फ्थॅलीनची बाटली कायम खिशात ठेवली. दाबण्याआधी खड्डा करून त्याच्या उभ्या भिंतीवर फवारा मारायचा. चुना पोचला तिथे माती गर्द गुलाबी होते. एका ठिकाणी भिंत वरून गुलाबी आणि तळाशी तीन बोटं काळी पट्टी निघाली, म्हणजे नांगर तिथे खोल गेला नव्हता. मोठं ढेकूळ फोडलं तर बाहेरून गुलाबी आणि आत काळा गाभा दिसतो. असा गाभा पुढे पाणी पिऊन फुगतोच. हा रंग चुना आहे एवढंच सांगतो, किती आहे ते नाही. प्रमाणासाठी प्लॅस्टिकवरचं वजनच.

चुना पसरायचा तो सकाळी नऊच्या आत, नंतर वारा सुटतो आणि शेजाऱ्याच्या कांद्यावर पांढरी साय बसते. मजुरांना गॉगल, मास्क, गमबूट, पूर्ण बाह्या. घामावर चुना बसला की कातडी भाजते, उघड्या भागाला आधी तेल लावून घेतलं. गॉगल कुणालाच आवडत नाही, तरी इथे भीड धरू नये. डोळ्यात गेलाच तर स्वच्छ पाण्याने सलग पंधरा मिनिटं धुवायचा आणि थेट दवाखाना.

दाबाई वाळू-बदल पद्धतीने (थरात खड्डा करून त्यात मावणाऱ्या वाळूवरून त्याचं आकारमान काढून) मोजली, 1.52 च्या किमान 98 टक्के. पट्टी पूर्ण झाली की सात दिवस ओली ठेवायची, वर वाहन नाही. आमच्याकडे पाण्याची टंचाई, म्हणून ओली पोती अंथरून दिवसातून दोनदा शिंपलं. उघडं, कोरडं राहिलं तर वरचा चुना हवेशी मिळून भुकटी होतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात थर संपले, त्यावर 15 सेंटिमीटर जीएसबी (खडी-मुरमाचा पायाथर), 15 सेंटिमीटर वेट मिक्स (पाणी घालून मिसळलेली खडी) आणि 80 मिलिमीटरचे पेव्हर, म्हणजे सिमेंटचे फरसबंदी ठोकळे. जीएसबीच्या खडी-मुरमाच्या वाहतूक पासांची मूळ प्रत जपून ठेवा. बिलाला पास नसेल तर स्वामित्वधन सरसकट कापलं जातं.

खर्च: चुना 4.05 लाख, यंत्रं 2.10, मजुरी 65,000, पाणी 40,000, आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या चाचण्या मिळून 35,000. एकूण साडेसात लाखांच्या आसपास, वरचे थर वेगळे.

परीक्षा लगेच झाली. 2025 च्या मे महिन्यात अवकाळीने झोडपलं आणि सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. ऑक्टोबरपासून सोयाबीनच्या भरलेल्या गाड्या आवारात वळू लागल्या, पेव्हर कुठे खचला नाही. एक गोष्ट मात्र डिसेंबरात दिसली. पोचरस्त्याला जागा कमी असल्याने चुन्याचा थर फरसबंदीच्या कडेबाहेर फक्त 30 सेंटिमीटर नेता आला होता. त्यापलीकडची काळी माती वाळून आखडली आणि कडेला समांतर बारीक भेग पडली. जागा असेल तर थर दोन्ही बाजूंना मीटरभर बाहेर न्यावा आणि कडेला बाभळीसारखं पाणी ओढणारं झाड ठेवू नये. आम्ही भेगेत चुन्याची निवळी जिरवून वर डांबर भरलं आणि साइडपट्टीवर मुरूम दाबला. दोषदायित्वाची (काम बिघडलं तर दुरुस्तीच्या हमीची) अनामत सुटायला अजून वेळ आहे, तोवर दर पावसाळ्याआधी गटार आणि तो पाईप साफ करायचं काम सचिवांच्या यादीत टाकलं आहे.